नामका चू, १९६२: सातव्या ब्रिगेडची युद्धसज्जता कुणी मोजली आणि कुणी ऐकली?

कागदावर पाहिलं, तर ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू या सीमेजवळच्या नदीच्या काठावर भारताची अख्खी ब्रिगेड उभी होती. ९ पंजाब, ४ ग्रेनेडियर्स, २ राजपूत आणि १/९ गोरखा रायफल्स अशा चार पलटणी. ब्रिगेडमध्ये एरवी तीन पलटणी असतात, म्हणजे हिशेबाला एक जास्तच. त्यांच्यावर चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटलीत नाव कमावलेली, लाल गरुडाचं चिन्ह मिरवणारी. दिल्लीत नकाशापुढे बसलेल्या माणसाला एवढ्यावर वाटावं, की थाग लाच्या धारेवरून चिन्यांना हुसकायला फौज तयार आहे. तसा निर्णयही झाला. २० ऑक्टोबरला पहाटे चीनने हल्ला केला आणि सकाळ संपायच्या आत ती ब्रिगेड लढणारी तुकडी म्हणून उरली नव्हती.

बासष्टबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक लेखन नेहरू आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याभोवती फिरतं. इथे मला एकच प्रश्न हाताळायचा आहे. एखादी पलटण किंवा ब्रिगेड लढायला तयार आहे की नाही, हे कसं ठरवतात आणि सातव्या ब्रिगेडबाबत ते ठरवलं गेलं होतं का? माझ्या मते ठरवलं गेलं होतं, तेही लढाईच्या आधी, लेखी आणि बरंचसं अचूक. ते मोजमाप वरच्या पायऱ्यांवर भित्रेपणा म्हणून वाचलं गेलं. या प्रकरणातून शिकण्यासारखं सगळं याच ठिकाणी आहे.

ढोला चौकी

जून १९६२च्या सुरुवातीला १ शीखचे कॅप्टन महाबीर प्रसाद यांनी आसाम रायफल्सच्या जवानांसह नामका चूच्या दक्षिण तीरावर चौकी बसवली. भूतान, तिबेट आणि तेव्हाचा नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) मिळतात त्या कोपऱ्याजवळची ही जागा. उत्तरेला थाग लाची धार थेट डोक्यावर. नकाशावरची मॅकमहोन रेषा आणि प्रत्यक्ष पाणलोटाचा माथा यांचा इथे मेळ बसत नव्हता आणि दोन्ही देशांचा दावा याच भागावर होता. चौकीची जागा लष्करी दृष्टीने वाईट होती हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खोल दरीत, नदीकाठी, समोरच्या धारेवरून चुलीचा धूरही दिसेल अशा ठिकाणी ती होती.

८ सप्टेंबरला चिनी सैनिक थाग लावरून खाली उतरले आणि त्यांनी चौकीला वेढा घातल्याची बातमी आली. चौकीवरून आकडा ६००चा कळवला गेला. तो फुगवलेला होता, मदत लवकर यावी म्हणून. पण त्या आकड्यावर पुढच्या हालचाली ठरल्या. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत चिन्यांना हटवायचं ठरलं आणि मोहिमेला ‘लेगहॉर्न’ नाव मिळालं. ९ पंजाब तातडीने पुढे निघाली आणि सप्टेंबरच्या मध्याला ढोल्यापाशी पोचली. २२ सप्टेंबरला लष्करप्रमुख जनरल थापर यांनी हा हुकूम लेखी मागितला. तो मिळाला, सहसचिवाच्या सहीने. ज्या मोहिमेत हजारो माणसं झोकायची, तिचा लेखी हुकूम सेनापतीला मागून घ्यावा लागतो, यातच बरंच काही आलं.

माणसं

सज्जतेचं पहिलं माप माणसांचं. पलटणीचं मंजूर संख्याबळ आठशेच्या घरात असतं. २ राजपूतचे नामका चूवर होते ५१३ जण. बाकीच्या पलटणीही अपुऱ्याच होत्या. २ राजपूत आणि १/९ गोरखा नेफातली आपली मुदत उरकून शांततेच्या ठाण्याकडे निघण्याच्या बेतात होत्या. त्यांना तिथूनच पुन्हा वर वळवलं. ४ ग्रेनेडियर्स दिल्लीकडून आली. ब्रिगेडची जुनी, त्या डोंगरांत मुरलेली १ शीख मात्र तवांगच्या बचावासाठी मागे राहिली. म्हणजे ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांच्या हाताखाली ज्या चार पलटणी आल्या, त्यांनी एकत्र सराव कधी केलेला नव्हता. ब्रिगेडच्या मुख्यालयाला पलटणींचे अधिकारी पुरते ओळखीचे नव्हते, पलटणींना शेजारच्या पलटणीची सवय नव्हती. क्रमांक ७ होता, ब्रिगेड नवी होती.

याला उंचीची जोड द्या. आजचं भारतीय लष्कर जवानाला टप्प्याटप्प्याने वर नेतं: ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर ४ दिवस आणि त्याच्या वर आणखी ४ दिवस. हे १४ दिवस पुरे झाल्याशिवाय त्याच्याकडून त्या उंचीवर कष्टाचं काम घेत नाहीत. नामका चूच्या मोहिमेत माणसं भराभर डोंगर चढवून थेट मोर्च्यावर नेली गेली. उंचीच्या आजाराने काही जवान शत्रूची गोळी न लागताच दगावले. समोरचे चिनी सैनिक वर्षानुवर्षं तिबेटच्या पठारावर राहत होते, १९५९चं बंड मोडताना त्याच हवेत लढले होते. दोन्ही बाजूंची माणसं मोजताना हा फरक संख्येइतकाच धरायला हवा होता.

एका जवानाच्या अंगावर काय होतं

थोडं जवळून पाहू. एक राजपूत शिपाई, साधारण १० ऑक्टोबरला नदीकाठी पोचलेला. अंगावर सुती गणवेश, एक ब्लँकेट. हातात .३०३ ली-एन्फिल्ड, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल. कमरेच्या पाकिटांत ५० गोळ्या. सावकाश, नेम धरून मिनिटाला १० गोळ्या झाडल्या तरी त्याचा साठा ५ मिनिटांत संपतो. मागे राखीव साठा जवळपास नाहीच.

मोर्चा बांधायचा तर वर लाकडांचं छत हवं, नाहीतर तोफगोळ्याची किरचसुद्धा पुरे. झाडं भरपूर होती, कुऱ्हाडी आणि करवती नव्हत्या. गोरख्यांनी कुकरीने आणि बाकीच्यांनी खोदायच्या फावड्यांनी खोडं तासली. पलीकडच्या तीरावर चिनी यांत्रिक करवतीने झाडं पाडत होते. त्या आवाजात आपली माणसं फावड्याने लाकूड तोडत होती. युद्धसज्जतेच्या कोणत्याही तक्त्यात ‘करवत’ नावाची ओळ शोधून सापडत नाही, पण त्या पहाटे कित्येक मोर्चे पहिल्या तोफमाऱ्यातच का कोसळले, याचं एक उत्तर तिथे आहे.

तोफखान्याची कथा वेगळी नाही. पॅराशूट तोफदलाच्या मोजक्या हलक्या तोफा नदीच्या वरच्या त्सांगधारला विमानातून टाकल्या. त्यांचे तोफची आग्र्याहून उन्हाळी कपड्यांत आले होते. गोळे इतके थोडे, की ब्रिगेडच्या वीसेक किलोमीटरच्या पसाऱ्याला त्यांचा आधार नाममात्रच होता.

रसद

माझ्या लेखी सगळ्यात निर्णायक माप हेच. तवांगपर्यंत गाडीची वाट होती, तीही पावसाने वारंवार तुटणारी. तवांगच्या पुढे सगळं पायी. लंपूहून हाथुंग लाची खिंड ओलांडून नदीकाठी उतरायचं, प्रत्येक पोतं माणसाच्या पाठीवर. म्हणून भिस्त विमानातून माल टाकण्यावर. डाकोटा विमानं त्सांगधारच्या अरुंद उतारावर माल टाकायची. ढग असले की उड्डाण नाही, वारा असला की माल दरीत. पडलेल्यातलं खूपसं हाती लागतच नव्हतं. जे लागायचं ते उचलून खाली मोर्च्यापर्यंत आणायला पुन्हा जवानच. लढणारी माणसं दिवसभर हमाली करत होती आणि त्यावर रात्री पहारा.

चिनी बाजूला रस्ता थाग लाच्या मागे बराच जवळ आला होता. त्यांच्या तोफा आणि जड उखळी तोफा ट्रकने आल्या. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला पाठ. हे अंतर शौर्याने भरून निघत नाही.

ज्यांनी हे सगळं आधी लिहिलं

यातलं काहीही लढाईनंतर कळलेलं नाही. पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, यांनी ऑक्टोबर १९५९ मध्येच नेफाच्या बचावाचा आराखडा सेना मुख्यालयाकडे पाठवला होता. सीमेवर फक्त नजर ठेवणारी ठाणी असावीत, खरी लढाई मागे द्यावी, जिथे आपला रस्ता पोचतो आणि शत्रूची रसद ताणली जाते, असं त्याचं सार. मार्च १९६०ला लखनौत ‘लाल किला’ या सरावात त्यांनी ते सगळ्यांपुढे मांडलं. मेनन यांनी ते बाजूला सारलं. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. लढाई पेटल्यावर नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून तो कागद पाहिला, पण तोवर वेळ गेलेली होती.

सप्टेंबर १९६२ मध्ये दळवी, डिव्हिजनचे मेजर जनरल निरंजन प्रसाद आणि ३३ कोअरचे (डिव्हिजनच्या वरच्या रचनेचे) लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी पुन्हा तोच हिशेब मांडला, या वेळी टनांत. चिन्यांना हटवायचंच असेल, तर एवढ्या तोफा, एवढा दारूगोळा, एवढ्या दिवसांचं धान्य आणि गरम कपडे आधी पोचले पाहिजेत. बेरीज शेकडो टनांत गेली. विमानातून माल टाकण्याच्या वेगाने हा साठा हिवाळ्यापूर्वी होणं अशक्य, म्हणून मोहीम पुढे ढकला. मी या कागदाला युद्धसज्जतेच्या मूल्यमापनाचा उत्तम नमुना मानतो. ‘मनोबल उत्तम’ वगैरे गुळगुळीत शेरे त्यात नाहीत. काम काय, त्याला काय लागतं, आज हातात काय आहे आणि उरलेलं किती दिवसांत येईल, एवढंच आहे. सज्जता मोजायची म्हणजे याहून वेगळं काही करायचं नसतं.

त्याचं उत्तर काय आलं? उमराव सिंग यांच्याकडून नेफाची जबाबदारी काढून घेतली. ४ ऑक्टोबरला नवी ४ कोअर उभी राहिली आणि तिच्या प्रमुखपदी लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आले. नवी कोअर म्हणजे काय, तर त्याच थकलेल्या पलटणींवर बसवलेलं नवं मुख्यालय. सैन्य एका माणसाने वाढलं नाही.

कौल स्वतः पुढे गेले हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. वाटेत त्यांना एका तिबेटी हमालाने पाठीवर घेतलं. वर पोचल्यावर कपडे, गोळ्या, धान्य सगळ्याची टंचाई त्यांनी दिल्लीला कळवलीसुद्धा. तरी १० ऑक्टोबरच्या मुदतीपायी ९ पंजाबच्या सुमारे ५० जणांची गस्त नदीपलीकडे त्सेंग जोंगला पाठवली. त्या सकाळी चिन्यांची जवळपास पलटणभर फौज त्यांच्यावर तुटून पडली. पंजाबींनी पहिला हल्ला परतवला. त्यांनी आधारासाठी उखळी तोफा आणि मशीनगनचा मारा मागितला आणि दळवींना नकार द्यावा लागला, कारण मारा सुरू केला तर नदीकाठची सगळी ब्रिगेड लढाईत ओढली जाईल आणि तिच्याकडे त्यासाठी गोळाबारूद नव्हता. आपल्याच माणसांना मारा नाकारायची वेळ ज्या ब्रिगेडियरवर येते, त्याच्या ब्रिगेडची सज्जता वेगळी मोजायची गरज उरत नाही. कौल यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ते दिल्लीला गेले. ११ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली आणि ब्रिगेड नदीवरच ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सिलोनला निघताना नेहरूंनी वार्ताहरांना सांगितलं, की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत.

पाणी ओसरलं

सप्टेंबरात नामका चू उतरून पार करता येत नव्हती. म्हणून बचाव ओंडक्यांच्या पुलांभोवती रचला गेला. पुलांना क्रमांक दिले, प्रत्येक पुलाशी एकेक तुकडी. ऑक्टोबर उजाडला, पाऊस थांबला, वरचं पाणी गोठू लागलं आणि नदी गुडघ्याएवढी झाली. आता कुठूनही ओलांडता येत होती, पुलांना अर्थ उरला नव्हता. तरी तुकड्या पुलांशीच बसल्या होत्या, कारण मागे सरायची परवानगी नव्हती. महिन्याभरापूर्वी जी मांडणी कशीबशी चालली असती, ती त्याच माणसांसह, त्याच शस्त्रांसह आता निकामी झाली होती. सज्जतेच्या अहवालावर तारीख असते ती यासाठीच. सप्टेंबरचा अहवाल ऑक्टोबरात शिळा होतो.

१९ ऑक्टोबरला समोरची जमवाजमव उघड दिसत होती. चिनी लपायची तसदीही घेत नव्हते. दळवींनी डिव्हिजनला फोन करून मागे घेण्याची परवानगी मागितली, राजीनाम्याची भाषा केली. परवानगी आली नाही. कौल तेव्हा आजारी पडून दिल्लीत होते आणि अंथरुणावरून कोअर चालवत होते.

पहाटे तोफा सुरू झाल्या. समोरून मारा चालू असताना चिनी पायदळ रात्रीतच तुकड्यांमधल्या मोकळ्या जागांतून नदी ओलांडून वर चढलं होतं आणि मागच्या बाजूने उतरलं. टेलिफोनच्या तारा तुटल्या. लेफ्टनंट कर्नल रिख यांची २ राजपूत जागेवर लढली. तिच्या ५१३ पैकी २८२ जण मारले गेले. रिख जखमी होऊन पकडले गेले. गोरख्यांचंही तसंच झालं. दळवी दोन दिवस रानात वाट काढत होते, २२ ऑक्टोबरला कैद झाले आणि मे १९६३ मध्ये परतले.

एक गोष्ट इथे ठामपणे म्हणतो. ही माणसं लढली. धैर्याची उणीव होती असं म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला २ राजपूतचा आकडा दाखवावा.

यशवंतरावांचं निवेदन

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण ज्यांच्या दिल्लीला जाण्याबद्दल म्हणतो, त्या यशवंतराव चव्हाणांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण खातं घेतलं. चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे गेली. भगत मुंबई सॅपर्सचे, दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. चौकशीचे विषय पाच: प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची नेतृत्वक्षमता. दुसऱ्या शब्दांत, सज्जतेचं मूल्यमापन, पण लढाई हरल्यावर.

२ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश मांडला. प्रशिक्षण मुळात ठीक, पण त्या भूभागासाठी आणि चीनसारख्या शत्रूसाठी ते दिलेलं नव्हतं. साधनं देशात कुठेच नव्हती असं नाही. खरी अडचण ती शेवटच्या चौकीपर्यंत वेळेत पोचवण्याची होती. हवेला न सरावलेलं सैन्य सरावलेल्याइतकं तंदुरुस्त असू शकत नाही. खालच्या पातळीवरचे अधिकारी पुरेसे चांगले होते, उणिवा वर जाल तशा जास्त दिसल्या. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वाक्य: चौथी डिव्हिजन नावापुरतीच लढाईत होती, तिच्या मूळ तुकड्या दुसरीकडे होत्या आणि इकडून तिकडून आणलेल्या पलटणी तिच्या झेंड्याखाली लढल्या. संरक्षणमंत्री संसदेत उभं राहून हे सांगतो, ही साधी गोष्ट नव्हती. चव्हाणांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, या निवेदनाबद्दल त्यांचं ऋण मानलं पाहिजे.

निवेदनापुरतं ते थांबलं नाही. १९६४च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सैन्य ८,२५,००० पर्यंत आणि डिव्हिजन २५ पर्यंत नेण्याचं ठरलं, त्यांतल्या १० डोंगरी. चौथी डिव्हिजनही डोंगरी झाली. १९६५ मध्ये मात्र तिला पंजाबच्या सपाटीवर खेमकरणला उतरवलं गेलं. ६ सप्टेंबरची तिची पहिली चढाई फसली, काही पलटणी मोडल्या आणि डिव्हिजनला मागे यावं लागलं. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांना या खेपेला मागे सरण्याची मोकळीक होती. त्यांनी असल उत्तरभोवती उसाच्या शेतांत मोर्चे धरले, शेतं पाण्याखाली घातली, रणगाडाविरोधी तोफा दडवल्या. ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन तिथे अडकून मोडली. ज्या ४ ग्रेनेडियर्सच्या हातात नामका चूवर बोल्टच्या रायफली होत्या, त्याच पलटणीचा अब्दुल हमीद इथे जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडताना मारला गेला आणि परमवीरचक्राचा मानकरी ठरला. जागा निवडण्याची मुभा आणि कामाला पुरेसं हत्यार, एवढं मिळाल्यावर त्या पलटणीचं माप असं निघालं.

हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र सरकारने अजून पुरता प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच लोकांसमोर आहे. पलटणींचं संख्याबळ, दारूगोळा, कपडे, रसद यांबद्दलची त्यातली पानं साठ वर्षांनंतर कोणत्याही शत्रूच्या कामाची नाहीत. आपल्या लष्करी अकादम्यांत शिकणाऱ्या मुलांच्या आणि त्या २८२ राजपुतांच्या घरच्यांच्या कामाची आहेत. ती उघडी करावीत, ही मागणी खासदारांनी लोकसभेत पुन्हा पुन्हा लावून धरायला हवी.